ख्रिस्ती विश्वासाला तर्काचा पुरावा: तरुण संघाच्या चर्चेत काय ठेवायचं, काय गाळायचं?

मिरज_जंक्शन (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मिरजेत आमच्या तरुण संघात पाऊण तासाची चर्चा घ्यायची आहे. पाळकांनी दिलेला विषय: "विश्वासाला पुरावा लागतो का?" मुलं-मुली वीसेक, बहुतेक नर्सिंग, फार्मसी आणि इंजिनिअरिंगची. दोन तट आधीच पडलेत. एक म्हणतो, पुरावा मागणं हाच अविश्वास, योहान २०:२९ (न पाहता विश्वास ठेवणारे ते धन्य) वाचा आणि गप्प बसा. दुसरा म्हणतो, विज्ञानाने सगळं सिद्ध झालंय, आणि व्हॉट्सॲपवरचे फॉरवर्ड पुढे करतो. मला दोन्हीकडे काहीतरी चुकतंय असं वाटतं, पण नेमकं बोट ठेवता येत नाही.

विचारायचं ते असं. हे सगळं तर्काने सिद्ध होतं असं चर्च मुळात म्हणतं का? कुठले युक्तिवाद मांडण्यासारखे आहेत आणि कुठले मांडले की आपणच तोंडघशी पडतो? पुनरुत्थानाबद्दल प्रामाणिकपणे किती बोलता येतं? आणि आपल्या भागात येणारच असा प्रश्न: मग यात आणि अंधश्रद्धेत फरक काय? "प्रार्थना करा, उत्तर मिळेल" हे सोडून सांगा, ते पाळक सांगणारच आहेत.

---

वाईचा_घाट

"देव आहे", "देव त्रैक्य आहे" (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), "येशू मेलेल्यांतून उठला" आणि "तो माझा तारणारा आहे" ही चार वेगळी विधानं आहेत आणि प्रत्येकाला लागणारा आधार वेगळ्या जातीचा आहे. बहुतेक चर्चा इथेच फसतात. युक्तिवाद पहिल्याचा मांडायचा आणि चौथं सिद्ध झालं म्हणून टाळ्या घ्यायच्या. फळ्यावर ही चारही वाक्यं आधी लिहा, मग कुणी काही बोललं की विचारा, हे कितव्या नंबरबद्दल चाललंय?

थॉमस अक्विनास (१२२५–१२७४) म्हणजे मध्ययुगातला सर्वांत तर्ककठोर धर्मशास्त्री. त्याच्या मते देव आहे एवढं बुद्धीला कळू शकतं. त्यासाठी त्याने गती, कारण वगैरेंवरून पाच मार्ग मांडले. त्रैक्य मात्र बुद्धीने सिद्ध होत नाही, हेही तोच सांगतो. वर बजावतो, की लंगड्या युक्तिवादाने ते सिद्ध करायला जाणारा विश्वासाचंच नुकसान करतो, कारण न मानणारे हसतात आणि समजतात की यांचा विश्वास असल्याच कारणांवर उभा आहे. तुमच्या व्हॉट्सॲप तटाला साडेसातशे वर्षांपूर्वीची ही सूचना जरूर ऐकवा.

रोमन कॅथलिक चर्चने १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेत हीच विभागणी अधिकृत केली. देवाचं अस्तित्व बुद्धीच्या नैसर्गिक प्रकाशात जाणता येतं, पण विश्वासातली गूढं प्रकटीकरणानेच, म्हणजे देवाने स्वतः कळवल्यानेच कळतात. मिरज-सांगलीकडच्या बऱ्याच मंडळ्यांची मुळं मात्र अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनमध्ये आहेत, म्हणजे कॅल्विनच्या परंपरेत. त्या परंपरेचा वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार (१६४६) आणखी सावध आहे. पवित्र शास्त्र देवाचं वचन असल्याच्या खुणा पहिल्या अध्यायात भरपूर मोजल्या आहेत; पण पूर्ण खात्री पटते ती पवित्र आत्मा अंतःकरणात जी साक्ष देतो तिच्यामुळे, असं लगेच पुढे म्हटलंय. थोडक्यात, तर्काने माणूस ख्रिस्ती होतो असा दावा तुमच्या स्वतःच्या परंपरेनेही केलेला नाही.

आता आपल्याकडची चौकट. न्यायदर्शनात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेत, प्रमाणं (खरं ज्ञान मिळवण्याची साधनं) चार: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं वचन, आणि आप्त म्हणजे ज्याला ती गोष्ट ठाऊक आहे आणि जो ती आहे तशी सांगू इच्छितो. ख्रिस्ती दाव्याचा गाभा शब्दप्रमाणात बसतो. "आम्ही पाहिलं" असं काही माणसं म्हणाली, त्यावर तो उभा आहे. त्यामुळे भूमितीच्या प्रमेयासारखी सिद्धी मागणारा आणि काहीच तपासू नका म्हणणारा, दोघेही चुकीच्या दाराशी उभे. शब्दप्रमाणाची तपासणी असते: सांगणाऱ्याला कसं कळलं, त्याला खोटं बोलायचं कारण होतं का, आणि त्याच्यापासून आपल्यापर्यंत ते कसं पोचलं.

नीळकंठशास्त्री गोरे (बाप्तिस्मा १८४८) शास्त्रात मुरलेले पंडित. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी सहाही दर्शनांचं तर्काने खंडन करणारा ग्रंथ लिहिला. वाचण्यासारखा आहे, पण त्यातून एक खबरदारी घ्या. दुसऱ्याचं मत पाडलं म्हणून आपलं उभं राहत नाही.

युक्तिवादांचं बघा:

ॲन्सेल्मचा (अकराव्या शतकातला) "ज्याहून थोर काही कल्पिता येत नाही, तो असलाच पाहिजे" हा युक्तिवाद पाऊण तासात घेऊच नका. त्याच्याच काळी गॉनिलो या साधूने त्याच चालीवर "सर्वांत परिपूर्ण बेट" सिद्ध करून दाखवलं होतं. पुढे कांटने १७८१ मध्ये असणं हा गुणधर्मच नाही असा आक्षेप घेतला. यात नक्की काय चुकतं यावर तज्ज्ञांची आजही जुंपते. मुलांच्या हाती फक्त "काहीतरी हातचलाखी झाली" एवढी भावना उरते.

आद्य कारणाचा युक्तिवाद मांडता येतो, पण तो पहिल्या विधानाशी थांबतो. विश्वाला कारण आहे हे मान्य केलं तरी त्या कारणाने नासरेथात जन्म घेतला हे त्यातून निघत नाही. महास्फोट म्हणजे बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय, हे तर टाळाच. ती कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोप बाराव्या पायसने तिचा आधार निर्मितीच्या बाजूने घेतला, तेव्हा लमेत्रनाच ते रुचलं नव्हतं. आज ज्या सिद्धांतावर विश्वास टेकवाल तो उद्या सुधारला गेला तर काय करणार?

पास्कलची पैज पुराव्यात मोडतच नाही. पुरावा नसताना निर्णय कसा घ्यायचा याचा तो हिशेब. "देव असेल तर अनंत फायदा, नसेल तर किरकोळ तोटा." नेहमीचा आक्षेप असा, की हाच हिशेब कुठल्याही देवाला लागू पडतो. दुसरा आक्षेप, फायदा दिसला म्हणून माणूस ठरवून विश्वास ठेवू शकत नाही. हा दुसरा पास्कलला ठाऊक होता, म्हणून तो म्हणतो की विश्वासणाऱ्यांसारखं वागायला लागा, तीर्थजल घ्या, मिस्सा (कॅथलिक उपासना) म्हणवून घ्या, मन मागून येईल. हे ऐकून मुलं हसतील. हसू द्या, त्यातूनच चांगली चर्चा निघते.

आणि गणितज्ञ ग्योडेल. "१९३१ मध्ये ग्योडेलने सिद्ध केलं की गणितही विश्वासावर चालतं" असं इंजिनिअरिंगचा एकजण तरी म्हणणारच. त्याचा प्रमेय ठरावीक औपचारिक पद्धतींबद्दल आहे, देवाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

---

साक्षीदार_सांगली

वरचं उत्तर उत्तम. मी पुनरुत्थान आणि पाऊण तासाची बांधणी, एवढ्यावरच लिहितो.

पुनरुत्थानासाठी शुभवर्तमानांपासून (बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपासून) सुरुवात करू नका, प्रेषित पौलाच्या पत्रातल्या १ करिंथ १५:३–८ पासून करा. हे पत्र साधारण इ.स. ५३ ते ५५ मधलं आणि येशूचा वधस्तंभ बहुधा इ.स. ३० किंवा ३३, म्हणजे मध्ये वीस-पंचवीस वर्षं. शिवाय पौल म्हणतो, "मला जे मिळालं ते मी तुम्हाला दिलं"; म्हणजे जिवंत येशू दिसलेल्यांची ही यादी त्याच्याही आधीची. केफा (पेत्र), बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब, सर्व प्रेषित आणि शेवटी स्वतः पौल. पुनरुत्थानाच्या साक्षीदारांबद्दलचा हा सर्वांत जुना आणि सर्वांत कामाचा मजकूर आहे.

त्यातून काय निघतं ते मोजूनमापून सांगा. अगदी सुरुवातीपासून काही माणसांना आपण जिवंत येशू पाहिला अशी पक्की खात्री होती, एवढं बहुतेक इतिहासकार, न मानणारेसुद्धा, मान्य करतात. ती खात्री कशामुळे झाली, यावर इतिहासाची पद्धत एकमत देत नाही. पाचशे जणांत एकाचंही नाव नाही आणि दुसऱ्या कुठल्या स्वतंत्र लेखनात त्यांचा उल्लेख नाही. पौलाच्या यादीत स्त्रिया नाहीत, तर चारही शुभवर्तमानांत रिकाम्या कबरेपाशी आधी स्त्रियाच पोचतात. या गोष्टी तुम्ही स्वतः सांगा. विरोधकाने काढल्या तर लपवल्यासारखं दिसतं.

बाहेरचे पुरावे मुलं हमखास आणतात. रोमन इतिहासकार टॅसिटस (इ.स. ११६ च्या सुमारास) सांगतो की ख्रिस्ताला रोमन सुभेदार पिलाताच्या कारकिर्दीत देहदंड झाला. यहुदी इतिहासकार जोसेफसच्या (इ.स. ९३–९४) येशूवरच्या प्रसिद्ध उताऱ्यात पुढे कुणा ख्रिस्ती लेखनिकाने भर घातली असं अभ्यासक मानतात, तेव्हा तो आख्खा वाचून दाखवू नका. १९६१ मध्ये कैसरियात पिलाताचं नाव कोरलेला दगड सापडला. मँचेस्टरला योहानाच्या अठराव्या अध्यायाचा पपायरसचा तुकडा आहे, तो बहुधा दुसऱ्या शतकातला. या सगळ्यातून येशू नावाची व्यक्ती होऊन गेली, तिला मारलं गेलं आणि मजकूर लवकर लिहिला गेला एवढं कळतं. कागद जुना म्हणून त्यातला चमत्कार खरा, हा उडी मारलेला निष्कर्ष आहे.

नासाच्या संगणकाला यहोशवाचा हरवलेला दिवस (बायबलमध्ये सूर्य थांबल्याचा प्रसंग) सापडला, हा फॉरवर्ड साफ खोटा. तो आला तर तिथल्या तिथे सांगा, सौजन्य म्हणून सोडून देऊ नका.

वेळेचं गणित असं ठेवा. पहिली ५ मिनिटं सगळ्यांना कोऱ्या चिठ्ठ्या: "मला विश्वास ठेवायला काय आड येतं?" नाव लिहायचं नाही. पुढची १० मिनिटं शास्त्रभाग. योहान २०:२४–३१ सलग वाचा, २९ वर थांबू नका. थोमाने पुरावा मागितला तेव्हा येशूने हात आणि कूस पुढे केली, त्याला हाकलून दिलं नाही. ३१ व्या वचनात तर हे लिहिलंच आहे ते तुम्ही विश्वास ठेवावा म्हणून, असं आहे. त्याला जोडून बिरुयाचे लोक (प्रेषितांची कृत्ये १७:११), जे ऐकलेलं रोज शास्त्रात तपासत आणि त्याबद्दल त्यांची स्तुती झाली आहे. उलट बाजूसाठी मत्तय १२:३९, जिथे चिन्ह मागणाऱ्यांना योनाच्या चिन्हाशिवाय काही मिळणार नाही असं येशू सांगतो. दोन्ही वाचलेत तर "पुरावा मागणं पाप" आणि "पुरावा मिळतोच" हे दोन्ही तट जरा नरमतात.

त्यानंतर १५ मिनिटं पाच-पाच जणांचे गट. फळ्यावरच्या चार विधानांपैकी प्रत्येक गटाला एक. प्रश्न एकच: हे खोटं ठरलं असं आपण कधी म्हणू? उत्तर न सापडणंही चालेल, तसं लिहून ठेवायचं. तिसऱ्या विधानाच्या गटाला १ करिंथ १५:१४ द्या. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ, असं पौल सरळ म्हणतो. आपला दावा कुठे मोडू शकतो ते त्याने स्वतःच दाखवून ठेवलंय. मग १० मिनिटं गटांचं ऐकणं आणि शेवटची ५ मिनिटं चिठ्ठ्यांना. उत्तर देता न आलेल्या चिठ्ठ्या बाजूला ठेवायच्या, पाळकांकडे द्यायच्या.

हे कुठे फिसकटतं? बहुतेक वेळा साक्षींवर, म्हणजे स्वतःचा अनुभव उभं राहून सांगण्यावर. कुणीतरी उठतं, साक्ष वीस मिनिटं चालते, आणि मग तिच्यावर प्रश्न विचारणं उद्धटपणाचं वाटतं. आधीच जाहीर करा: आज साक्ष नाही, हवीच असेल तर दोन मिनिटं, आणि तिच्यावर प्रश्न विचारलेले चालतील.

---

सातारी_संशयी

मी मानणारा नाही, पण प्रश्न प्रामाणिक आहे म्हणून लिहितो. दाभोलकरांच्या गावचा असल्याने शेवटचा प्रश्न माझ्या वाट्याचा.

आधी एक काळजी घ्या. "आमची ती श्रद्धा, तुमची ती अंधश्रद्धा" असं तुमच्यातलं कुणी म्हणालं तर संपलंच. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. जी कसोटी नवसाला आणि अंगात येण्याला लावाल तीच स्वतःला लावा. "आम्ही पाहिलं" म्हणणारी माणसं इतर धर्मांतही आहेत. ख्रिस्ती साक्षीला एक नियम आणि बाकीच्यांना दुसरा, हे चालणार नाही. तत्त्वज्ञ ह्यूमने १७४८ मध्ये विचारलेला प्रश्नही आणा: चमत्कार खरा असण्यापेक्षा सांगणाऱ्याची चूक होणं जास्त संभवतं की नाही? ख्रिस्ती बाजूचं यावरचं नेहमीचं उत्तर असं, की देव आहे हे आधी मान्य असेल तर संभवाचं गणित बदलतं. उत्तर सुसंगत आहे, पण मग पुरावा पहिल्या विधानावर टेकला, हे कबूल करावं लागतं.

फरक मी असा करीन. दावा जगातल्या तपासता येणाऱ्या गोष्टीबद्दल असेल, तर तो तपासलाच पाहिजे, कुठल्याही धर्माचा असो. उदाहरण घ्या प्रार्थनेने रोग बरा होण्याचं, तुमच्याकडे नर्सिंगच्या मुली आहेत म्हणून मुद्दाम. अमेरिकेत सहा रुग्णालयांतल्या बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांवर अभ्यास झाला, २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्यासाठी प्रार्थना होते की नाही हे ठाऊक नसलेल्या दोन गटांत गुंतागुंतीचं प्रमाण प्रार्थना असताना ५२ टक्के आणि नसताना ५१ टक्के, म्हणजे फरक नाही. प्रार्थना होणारच हे ठाऊक असलेल्यांत ते ५९ टक्के. यावरून देव नाही असं सिद्ध होत नाही. तसं म्हणणारा माझ्या बाजूचा असला तरी चुकतोय. पण "प्रार्थना केली की औषधासारखा गुण येतो" हा दावा मोडतो. तुमच्यातले जाणकारही म्हणतात की प्रार्थना हे यंत्र नाही. मग उपचार-सभांच्या पत्रकांवर यंत्रासारखी हमी का छापतात, हा प्रश्न तुमच्या मुलांनी विचारायला हवा.

इथे मात्र गंमत नाही. मार्क १६:१८ मधलं साप उचलण्याचं आणि विष पिण्याचं वचन कुणी शब्दशः घेत असेल तर थांबवा. मार्क १६:९–२० हा भाग चौथ्या शतकातल्या सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाही. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तो कायदा कुठल्या एका धर्मापुरता नाही. मिरजेत १८९४ मध्ये मिशनचं रुग्णालय उभं राहिलं. ते उभारणारे डॉ. वानलेस प्रार्थनाही करत आणि शस्त्रक्रियाही. प्रार्थना केली म्हणून टाका घालायचं सोडलं नव्हतं.

राहिलं जे तपासता येत नाही ते. तत्त्वज्ञ क्लिफर्डने १८७७ मध्ये म्हटलं, अपुऱ्या पुराव्यावर काहीही मानणं नेहमीच, सगळीकडे, सगळ्यांसाठी चूक. १८९६ मध्ये तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने त्याला उत्तर दिलं, की काही अटींवर पुरावा पुरा नसतानाही मानणं योग्य ठरतं. मुलांना जेम्स आवडतो, पण त्याच्या अटी कुणी वाचत नाही. पर्याय मनाला खरोखर शक्य वाटणारा हवा, टाळता न येणारा हवा, महत्त्वाचा हवा, आणि बुद्धीने त्याचा निकाल लागण्यासारखा नसावा. चौथी अट गाळली की कशावरही विश्वास ठेवायचा परवाना मिळतो. मी स्वतः क्लिफर्डच्या जवळचा आहे, पण जेम्सच्या चारही अटी पाळून मानणाऱ्याला मी अंधश्रद्ध म्हणणार नाही.

---

मिरज_जंक्शन

खूप आभार, एवढं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. संशयी दादा, तुमचा प्रार्थनेचा भाग घेणारच. एक राहिलं. चौथ्या विधानाच्या गटाला काय द्यायचं? "तो माझा तारणारा आहे" हे खोटं कधी ठरेल, यावर ती मुलं काय लिहिणार? आणि आमच्याकडे विश्वास समजवायला खुर्चीचं उदाहरण नेहमी देतात: बसताना तपासतो का आपण? ते ठेवू का?

---

दरबारी_सातारा

खुर्ची काढून टाका. आपण खुर्चीवर न तपासता बसतो कारण आधी हजारदा बसलोय आणि ती मोडली नाही. तो सवयीचा अनुभव झाला. जे कधी पाहिलंच नाही त्यावरच्या विश्वासाला ते उदाहरण लागू पडत नाही, आणि तुमच्या हुशार मुलांना ते दोन मिनिटांत कळेल.

त्याऐवजी धर्मसुधारणेच्या काळापासून चालत आलेले विश्वासाचे तीन भाग घ्या: माहिती, मान्यता आणि भरवसा. काय सांगितलंय ते ठाऊक असणं, ते खरं आहे असं पटणं, आणि त्यावर स्वतःला सोपवणं. पुराव्याचं काम पहिल्या दोघांपाशी. याकोब २:१९ काढा. देव एकच आहे हे भुतांनाही मान्य आहे आणि ती थरथर कापतात. म्हणजे मान्यता पुरेपूर, भरवसा शून्य. चौथ्या गटाला हे वचन द्या आणि प्रश्न थोडा बदला: पहिली तिन्ही विधानं उद्या पूर्ण सिद्ध झाली, तर चौथं आपोआप होईल का? बहुतेक जण "नाही" लिहितील, आणि का नाही हे लिहिताना त्यांचं त्यांनाच कळेल की कुठे तर्क संपतो. डॅनिश तत्त्वज्ञ कीर्कगार्डने १८४६ मध्ये हेच टोकाला नेलं: वस्तुनिष्ठ अनिश्चितता नसेल तर विश्वासाला जागाच नाही. मला ते टोकाचं वाटतं, कारण त्या न्यायाने पुरावा जितका कमी तितका विश्वास मोठा, आणि मग वर संशयी म्हणतात त्या सगळ्या भानगडींना दार उघडं. पण गटात कुणी वाचणारं असेल तर त्याला द्या.

मराठी उदाहरण हवं असेल तर दोन माणसं शेजारी ठेवा. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) बेळगावचे, बाप्तिस्मा १८५४ चा. त्यांच्या पुस्तिकांत वाद, खंडन, प्रश्नोत्तरं. आणि ना. वा. टिळक, बाप्तिस्मा १८९५ चा, शेवटची वर्षं साताऱ्यात. तिथे त्यांनी "देवाचा दरबार" काढला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र बसवणारा. पदमनजींचा भर पहिल्या दोन भागांवर, टिळकांच्या अभंगांचा तिसऱ्यावर. टिळकांच्या अभंगात पुरावा शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही, तो त्यांचा विषयच नव्हता. आपल्याकडच्या उपासनेत अभंग येतात आणि अभ्यासवर्गात युक्तिवाद येतात, दोन्ही एकमेकांना कधी भेटत नाहीत. तुमचा अर्धा गोंधळ तिथला आहे.

वेळ कमी पडला तर गट तीनच करा आणि त्रैक्याचं विधान गाळा. त्यात शिरलात तर पाऊण तास त्यातच जाईल. चिठ्ठ्या मात्र गाळू नका, आणि वाचताना अक्षरावरून ओळख पटू नये म्हणून दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या.